काचेबाहेरचं मीठ

१

दार उघडलं तसं ओलबाईंनी एक पाऊल मागं घेतलं.

ओलबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीच्या नुकसान-तपासणी खात्यात त्यांचा जन्म गेला होता. फुटलेले नळ, गळक्या टाक्या, पाझरणाऱ्या भिंती, जिथं म्हणून ओल तिथं त्यांनाच धाडत. कचेरीतल्या कुणीतरी गमतीनं नाव ठेवलं आणि ते बुरशीसारखं चिकटलं. तुंबलेल्या मोरीचे, कुजलेल्या गाद्यांचे, नाना तऱ्हेचे वास त्यांनी पचवले होते. पण हा वास वेगळाच होता. त्यात सडका मासा होता, ओला गालिचा होता, आणि या दोन्हींच्या खाली नासक्या अंड्यासारखं काहीतरी होतं, ते थेट जिभेच्या मुळाशी जाऊन बसलं.

"आत या ना," दातांचे डॉक्टर म्हणाले. त्यांचा सदरा कडक इस्त्रीचा होता आणि तोंडाला पुदिन्याचा वास येत होता. त्या खोलीत तो पुदिना सडक्या माशापेक्षाही ओंगळ वाटला.

दिवाणखान्याची एक अख्खी भिंत खाऱ्या पाण्याच्या टाकीनं व्यापली होती. डॉक्टरांनी तिच्यातलं निम्मं पाणी उपसून टाकलं होतं. उरलेलं तांदळाच्या धुवणासारखं गढूळ झालं होतं. समुद्रातून आणलेले दगड बुळबुळीत करडे पडले होते आणि त्यांच्या भोकांतून मेलेले किडे दोऱ्यांसारखे लोंबत होते. खिडकीपाशी एका प्लास्टिकच्या घमेल्यात मासे होते. विम्याच्या माणसाला दाखवायला म्हणून ठेवलेले. फुगलेले, डोळ्यांवर दुधी साय आलेले. ओलबाईंनी रुमाल नाकाला लावला आणि विचारलं, झालं काय?

डॉक्टरांनी ते अगदी छान समजावून सांगितलं. वरची टाकी माशांची. तिच्याखाली लाकडी कपाटात दुसरी, लहान टाकी. वरचं पाणी कोपऱ्यातल्या जाळीतून खाली पडतं, तिथं गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो. पंप बंद पडला, की वर गेलेलं पाणी त्याच नळीतून उलटं खाली येतं. ते थोडक्यात थांबावं म्हणून नळीला पाण्याच्या पातळीजवळ एक बारीक भोक असतं. हवा शिरते, धार तुटते. पण भोक शेवाळानं बुजलेलं असलं तर पाणी येतच राहतं, खालची टाकी भरते आणि कपाटातून घरभर होतं.

"भोक बुजलं होतं. ती टाकीवाल्याची हयगय. पण पंप मुळात बंद कुणी केला?" डॉक्टरांनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी आणि बायको, आम्ही दोघं परगावी परिषदेला गेलो होतो. घरात माझी थोरली बहीण एकटी. तिला पंपाची घरघर सहन होत नाही. प्लग तिच्या हातात होता, ती स्वतः कबूल करते. रागावणार कुणावर? तिचं डोकं आता ठिकाणावर नाही."

२

ताई भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला त्या अशा बसल्या होत्या, की जणू ती खोली दुसऱ्या कुणाची आहे. दाराशी भरलेली बॅग होती. उद्या सकाळी विस्मरणाच्या डॉक्टरांकडे जायचं, असं त्यांनी सांगितलं, आणि तिथून बहुतेक वृद्धांच्या निवासात. भावानं सगळं ठरवलं होतं.

"मीच केलं असेल," त्या म्हणाल्या.

ओलबाईंनी विचारलं, असेल म्हणजे काय? आठवतं काय तेवढं सांगा.

ताईंना दोन गोष्टी आठवत होत्या. पहाटे उठून बाहेर आल्या तर पावलं घोट्यापर्यंत गार पाण्यात. आणि भिंतीवरचा प्लग त्यांच्या हातात. त्यांच्या मते आधी पाणी, मग प्लग, घाबरून ओढला. पण भाऊ म्हणाला, की तुझा क्रम उलटा होतोय, प्लग तू झोपायच्या आधीच काढलास. आणि त्याचं खरं असणार, कारण गेले काही महिने असंच चाललं होतं. गॅस बंद केलेला त्यांना स्वच्छ आठवायचा, पण भाऊ येऊन दाखवायचा तर तो सुरू. बाथरूमचा नळ वाहता. एकदा तर पुढचं दार सताड उघडं.

पाणी पाहिल्यावर त्यांनी भावाला फोन केला होता. तो म्हणाला, कशालाही हात लावू नकोस, पंप सुरू करू नकोस, टाकीवाल्यालाही बोलावू नकोस, आम्ही उद्या येतोच आहोत. पंप बंद म्हणजे पाण्यात हवा नाही. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. तेव्हा ताईंनी खुर्ची घेतली आणि दिवसभर पळीनं पाणी ढवळत बसल्या. उजवा खांदा अजून वर होत नव्हता.

"एकेक करून गेले," त्या म्हणाल्या. मग चोरट्या आवाजात, "त्या घमेल्यात पिवळा नाही. हे दोघं निघाले त्या संध्याकाळी खायला घालायला गेले, तेव्हाही दिसला नव्हता. दगडांमागे शोधला. भाऊ म्हणतो, पिवळा मागच्याच महिन्यात मेला, तूच विसरलीस."

त्यांचे डोळे कोरडे होते. स्वतःच्याच आठवणीची माफी मागणारं माणूस ओलबाईंनी आजवर पाहिलं नव्हतं.

३

कुठंतरी पाणी मुरत होतं. फरशीत तर मुरलंच होतं, पण डॉक्टरांच्या सांगण्यातही मुरत होतं.

ओलबाईंनी हातमोजे चढवले आणि टाकीखालचं कपाट उघडलं. आतून वाफाळलेला सडका भपकारा आला. श्वास रोखून त्या गुडघ्यांवर बसल्या. खालची टाकी जवळजवळ रिकामी होती. तिच्या शेजारी, कपाटाच्या तळाशी, माशांच्या खाण्याचं एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. त्यांनी ते उचललं. कडक होतं. तळ कोरडा, कोपरे जसेच्या तसे. कपाटाचा तळही कुठं फुगलेला नव्हता.

खालची टाकी भरून कपाटातून पाणी घरभर झालं असतं, तर हे खोकं लगदा होऊन बसलं असतं.

त्या उठल्या. टाकीची पुढची काच लख्ख पुसलेली होती. मागची बाजू भिंतीला वीतभर सोडून होती. त्या फटीत त्यांनी बॅटरी मारली. काचेच्या वरच्या काठापासून खालपर्यंत पांढरे ओघळ वाळलेले होते, आणि समोरच्या भिंतीवरही तसलीच पांढरी पूड फुललेली.

आता, पांढरं म्हणजे मीठच असं नाही. जुन्या ओलीनं चुन्याच्या भिंतीलाही अशीच पूड येते, ओलबाईंनी ती शंभर घरांत पाहिली होती. फरक कळायचा एकच झटपट उपाय होता, चाखून पाहणं. त्या काचेआड ते गढूळ पाणी होतं, ते लोंबते किडे होते. त्यांनी मोजा काढला, हात फटीत घातला, करंगळीनं पूड खरवडली आणि जिभेला लावली.

खारट. कडू होईपर्यंत खारट.

मोरीत जाऊन त्या बराच वेळ चूळ भरत राहिल्या. आरशात पाहताना त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती. पाणी खालून आलंच नव्हतं. ते वरून, टाकीच्या काठावरून सांडलं होतं. आणि पंप बंद असताना टाकी वरून सांडत नाही. ती सांडते पंप चालू असताना, खाली पडायची वाट कुणी अडवली तर.

म्हणजे ताई खरं सांगत होत्या.

४

खालच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या बाई राहत. त्यांच्या छताचा गिलावा शिलाई मशीनवर कोसळला होता आणि गिऱ्हाइकांचे तयार पोशाख दांडीवर टांगलेले, ते खांद्यापासून तपकिरी डागांनी बरबटले होते. दोनदा धुऊनही त्यांना माशाचा वास येत होता. शिलाईबाई रडून झाल्या होत्या, आता नुसत्या खदखदत होत्या. वरचा पंप त्यांच्या डोक्यावर किती दिवस घरघरतोय, हे त्यांनी न विचारताच सांगितलं.

ओलबाईंनी विचारलं, पाणी टपकायला लागलं तेव्हा घरघर चालू होती का?

शिलाईबाईंनी मुळीच विचार केला नाही. चालूच होती. थेंबांच्या आवाजानं जाग आली, त्या बादल्या लावत होत्या, आणि मेली घरघर वर सुरूच. मग पहाटे वर पावलं वाजली आणि घरघर थांबली.

ओलबाई पुन्हा जिना चढल्या. वाट अडवली कुणी, एवढाच प्रश्न उरला होता.

डॉक्टरांच्या बायकोनं काही लपवलं नाही. नणंदेला ती पाण्यात पाहायची आणि तसं बोलायचीही. घर सासूनं दोघा भावंडांच्या नावे ठेवलेलं. वन्सं जिवंत आणि शहाण्या आहेत तोवर त्यांच्या सहीशिवाय ते विकता येत नाही, आणि डॉक्टरांना नव्या जागी मोठा दवाखाना काढायचाय. वन्संनी जावं असं आपल्याला वाटतं, त्यात लाजायचं काय, असं तिनं विचारलं. त्या टाकीबद्दल मात्र बोलताना तिचे ओठ मुरडले. लग्न झाल्यापासून तिनं त्या पाण्यात बोटसुद्धा घातलं नव्हतं. बुळबुळीत काही पाहिलं की तिला कोरड्या उलट्या व्हायच्या. आत्ताही ती खिडकीबाहेर तोंड काढूनच बोलत होती.

टाकीवाल्यानं आधी कानावर हात ठेवले. दुकानात त्याच्याभोवती हिरवट पाण्याच्या काचपेट्या बुडबुडत होत्या. तो म्हणाला, मी तर पंधरवड्यात तिकडे फिरकलोच नाही. ओलबाईंनी त्याला सांगितलं, की डॉक्टरसाहेब भोक बुजल्याचं खापर तुझ्या माथी फोडतायत. तसा तो पेटला. ते निघायच्या आदल्याच दिवशी आपण जाऊन भोक टाचणीनं साफ केलं, जाळी घासली, असं त्यानं कबूल केलं. आळ येईल म्हणून खोटं बोललो, म्हणाला.

"पिवळा मासा होता का तेव्हा?"

"म्हणजे काय. माझ्या हातातून खाल्लं त्यानं. साहेबांचा जीव की प्राण आहे तो."

ओलबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मासा महागाचा होता, नाहीसा झाला होता, आणि टाकीशी शेवटचं काम याच माणसानं केलं होतं. नजरेतला अर्थ त्याला कळला असावा. त्याचा चेहरा उतरला.

"बाई, मी चोर असतो तर साहेबांना सामान कशाला विकलं असतं? त्याच आठवड्यात घेऊन गेलेत. समुद्री मीठ, छोटा हीटर, हवेचा पंप. दवाखान्यात लहान टाकी मांडायची म्हणाले."

५

दातांच्या दवाखान्यात कुठंही टाकी नव्हती.

ओलबाई बाहेरच्या बाकावर बसल्या. आत ड्रिलचा आवाज चालू होता आणि हवेत जळक्या दाताचा वास. जुनी नर्स आली तेव्हा त्यांनी हात धुवायची जागा विचारली. नर्सनं मागची खोली दाखवली.

खोलीत फळ्यांवर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे मांडले होते, ओळीनं वासलेले. बेसिनमध्ये रक्ताळलेला कापूस तरंगत होता. ओलबाईंनी नळाला हात लावला नाही. कोपऱ्यातून बारीक बुडबुड ऐकू येत होती. तिथं झाकणाची मोठी पांढरी बादली होती, झाकणाच्या खाचेतून दोन वायरी आत गेलेल्या.

झाकण उचललं. आत स्वच्छ, कोमट पाणी होतं. त्यात हळदीच्या गाठीसारखा पिवळाधमक मासा शांतपणे कल्ले हलवत होता. वर माणूस दिसताच तो खायला मिळेल म्हणून पृष्ठभागाशी आला.

नर्स दारातच उभी होती. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. साहेबांनी परिषदेला निघायच्या दिवशी दुपारी आणून ठेवला, रोज चिमूटभर खायला घाल म्हणाले, असं तिनं सांगितलं. घरी कुणाला बोलू नकोस, असंही म्हणाले होते. बायकोला आवडत नाही म्हणून.

ड्रिल थांबलं. हातातले मोजे ओढत डॉक्टर मागच्या खोलीत आले आणि ओलबाईंच्या हातातलं झाकण बघून जागच्या जागी थिजले.

"बादली उचला," ओलबाई म्हणाल्या. "घरी जाऊ."

६

दिवाणखान्यात चौघं होते आणि मध्ये बादली. डॉक्टरांची बायको खिडकीशी, ताई दाराला टेकून. ओलबाईंना बसवत नव्हतं. त्या घरातल्या कुठल्याच वस्तूला अंग लागू नये असं वाटत होतं. त्यांनी उभ्यानंच सांगायला सुरुवात केली, आणि डॉक्टरांना नव्हे, ताईंना सांगितलं.

पाणी काठावरून सांडलं, याला काचेमागचं मीठ साक्षी. कपाटातलं कोरडं खोकंही तेच सांगतं. सांडलं तेव्हा पंप चालू होता, हे खालच्या बाईंनी कानांनी ऐकलं. म्हणजे आधी पाणी आणि मग प्लग. तुमचा क्रम बरोबर होता. आता जाळी कुणी अडवली? टाकीवाल्यानं ती घासून साफ केली होती. अडवायची असती तर सामान विकल्याचं त्यानं आपणहून सांगितलं नसतं. वहिनींना तुम्ही नको आहात, पण त्या पाण्यात त्या हात घालूच शकत नाहीत. शिवाय टाकी सांडणार हे आधी माहीत असलेल्या माणसानं त्यातला एकच मासा काढून नेला. ज्याचा त्याच्यावर जीव होता, त्यानंच.

डॉक्टर बादलीकडे पाहत होते. त्यांनी नाकारलं नाही. दाताच्या कामाचं बारीक कापड जाळीला गुंडाळलं होतं, ते म्हणाले. घाण धरत धरत हळूहळू बंद होईल, आपण दूर असू. थोडं पाणी सांडेल, फरशी भिजेल, एवढाच अंदाज होता. परत आल्यावर ते कापड काढून फेकलं आणि पाणी उपसलं. हे सगळं त्यांनी एखाद्या बिघडलेल्या दाताबद्दल बोलावं तशा सुरात सांगितलं.

ओलबाईंनी भिंतीकडे बोट केलं. टाकीच्या वायरी सरळ ताणून प्लगपर्यंत गेल्या होत्या. त्यांना खाली झोळ दिलेला असता, तर पाणी झोळातून जमिनीवर गळलं असतं. इथं ते वायरीवरून थेट प्लगमध्ये जात होतं. बोर्डावर मिठाचा डाग होता.

"ताई खाऱ्या पाण्यात अनवाणी उभ्या होत्या आणि त्यांनी हा प्लग ओढला," त्या म्हणाल्या. "त्या वाचल्या, ते नशीब. तुमच्या अंदाजात हे होतं का?"

"तेवढा विचार केला नव्हता," डॉक्टर म्हणाले.

खिडकीशी उभ्या असलेल्या बायकोनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. गढूळ टाकीकडे पाहताना तिचे ओठ मुरडत, तसेच आत्ता मुरडले. ती आत गेली आणि कपाट उघडल्याचा, बॅगेत कपडे भरल्याचा आवाज यायला लागला.

ताई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "मग गॅस?"

डॉक्टरांनी बादलीचं झाकण उगाच दाबून बसवलं.

"आणि नळ? ते दार?"

"ताई, तू सही केली असतीस तर मला हे काही करावंच लागलं नसतं," भाऊ म्हणाला.

ओलबाईंना वाटलं, आता ही बाई कोसळेल किंवा ओरडेल. ताईंनी दोन्ही केलं नाही. त्या हळूहळू पुढं आल्या, बादलीशी वाकल्या, झाकण सरकवून आत पाहिलं. पिवळा वर आला. त्यांनी पाण्यात बोट बुडवून ऊब पाहिली आणि झाकण नीट बसवलं.

डॉक्टर बादली उचलायला वाकले. घाईघाईनं म्हणाले, की प्रवासानं त्याला धक्का बसतो, त्याला परत दवाखान्यात नेतो, इथल्या घाणीत तो टिकायचा नाही.

"मासा राहू दे," ताई म्हणाल्या. "तू जा."

"मी कुठं जाऊ?"

"तू जा."

त्या आवाजात वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारं काहीतरी होतं. डॉक्टर गेले. जाताना दारातल्या ओल्या गालिच्यावर त्यांचा बूट पचकन वाजला.

ओलबाईंनी अहवालात जे घडलं ते लिहिलं आणि कंपनीनं दावा फेटाळला. शिलाईबाईंनी डॉक्टरांना कोर्टात खेचलं. त्यांची बायको माहेरी गेली ती परत आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई ठरल्याप्रमाणे विस्मरणाच्या डॉक्टरांकडे गेल्या, एकट्या, बसनं. त्यांनी विचारलेल्या सगळ्याची उत्तरं देऊन वर त्यांच्या भिंतीवरच्या नकाशातली एक चूक दाखवून आल्या.

पुढच्या आठवड्यात ओलबाई शेवटच्या पाहणीला गेल्या, तर ताई आणि शिलाईबाई दिवाणखान्यात ओणव्या होऊन फरशी घासत होत्या. टाकी, दगड, गालिचा सगळं गेलं होतं, पिवळा तेवढा कोपऱ्यात त्याच्या पांढऱ्या बादलीत होता, तरी वास होताच. ताई म्हणाल्या, कितीही पुसलं तरी लादी पुन्हा ओली होते. ओलबाईंनी सांगितलं, की ते मीठ आहे, हवेतलं पाणी ओढून घेतं. साबणानं काही होत नाही. साधं गोडं पाणी, दर वेळी नवीन, पुन्हा पुन्हा. मग त्यांनीही पदर खोचला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या नुकसानीच्या जागी घासायला बसल्या असतील.

काम करता करता ताईंनी विचारलं, "हा वास जाईल का हो?"

"फरशीचा जाईल," ओलबाई म्हणाल्या.

ताईंनी मान हलवली, मळलेलं पाणी मोरीत ओतलं आणि बादली पुन्हा नळाखाली लावली.